बिनखिळ्याची मांडणी

घरमालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, भिंतीला एकही भोक पाडायचं नाही. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. दोघंच नवरा-बायको, बाथरूममध्ये दोन ब्रश आणि एक साबण की संपला संसार. ती घरीच शिवणकाम करायची, त्यासाठी तिला एक छोटी खोलीही होती.

चार महिन्यांपूर्वी सासरे पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ते इकडे राहायला आले. शिवणाची खोली त्यांना गेली, मशीन बाहेरच्या खोलीत नवरा-बायकोच्या पलंगाच्या पायथ्याशी आलं. मलमं, डायपरचे गठ्ठे, अंघोळीचं स्टूल, जादा बादली असं सगळं बाथरूममध्ये कोंबलं गेलं. तिथे वळायचं तर बादलीला विचारून वळावं लागे.

म्हणून तिने बिनखिळ्याची मांडणी आणली. छत आणि फरशी यांच्यामध्ये पिळून ताठ बसवायचा दांडा आणि त्याला जाळीचे चार कप्पे. दुपारी सासऱ्यांचा डोळा लागलेला बघून ती आत शिरली. दार आतल्या बाजूला उघडायचं, त्यामुळे ते लावल्याशिवाय दांडा उभा करायला जागाच नव्हती. दांडा बसला, कप्पे भरले. ती हात पुसत होती, तेवढ्यात वरचं टोक सटकलं. दांडा तिरका होऊन बेसिनखाली अडकला आणि खालचा भरलेला कप्पा दार आणि कमोड यांच्यामध्ये पाचरीसारखा रुतला. तिने ओढलं, ढकललं, पाय लावून बघितलं. दार बोटभरही हलेना.

बाहेर वॉकरची खुटखुट आली.

"काय पडलं?"

"मांडणी. दार अडकलंय, बाबा. माझा फोन मशीनवर आहे, पण माझ्या बोटाशिवाय तो उघडत नाही."

"आणि आमचे चिरंजीव येणार आठला. आत्ता तीन वाजलेत."

ती कमोडच्या झाकणावर बसली. गुडघे दाराला टेकत होते, पाठ टाकीला. वरच्या वीतभर झरोक्यातून येईल तेवढीच हवा. तिचा हात सवयीने नळाकडे गेला. पाणी धो धो बादलीत पडू लागलं.

"नळ बंद कर," सासरे म्हणाले. "रडायचं तर तशीच रड. रोज ऐकतो मी."

तिने नळ बंद केला. अख्ख्या घरात कडी लावता येईल अशी तिची ही एकच जागा उरली होती. तीही आपली नव्हती, हे तिला आत्ता कळलं.

"मुद्दाम नाही गं ऐकत," बाहेरून आवाज आला. "भिंत पातळ आहे. आणि उठून मी तरी जाऊ कुठे?"

"तुमच्यामुळे नाही रडत, बाबा."

"माझ्यामुळेच. चाळीस वर्षं सुतारकाम केलंय. जागा किती आणि सामान किती, एवढं मला कळतं."

खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं आणि खरं होतं ते त्यांनीच बोलून टाकलं होतं.

मग ते कामावरच्या आवाजात म्हणाले, "आता ऐक. ओढू नकोस. ओढलं की पाचर आणखी बसते. आधी कप्पे रिकामे कर. मग दांडा उलटा पीळ, म्हणजे आखूड होईल."

तिने एकेक वस्तू बादलीत टाकली. बादली भरल्यावर बाकीच्या मांडीवर घेतल्या. दांडा आधी दाद देईना. तिने टॉवेल गुंडाळून जोर लावला, तेव्हा तो कुरकुरत फिरला. कप्पा सुटला, दार उघडलं. सासरे इतका वेळ वॉकरला धरून उभेच होते. तिने आधी त्यांना खुर्चीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दांड्याच्या वरच्या टोकाला रबराचा तुकडा घालायला लावला आणि जड सामान खालच्या कप्प्यात ठेवून घेतलं. मांडणी पक्की बसली. मग ते म्हणाले, "मला बाहेर जिन्याजवळ खुर्ची टाकून दे. रोज अर्धा तास बसेन तिथे. तू दार लावून घेत जा."

"अहो, कशाला?"

"टाक म्हटलं ना."

तिने खुर्ची टाकली, त्यांना बसवलं, दार लावून घेतलं. कितीतरी दिवसांनी घरात ती एकटी होती. काय करावं ते सुचेना. ती पलंगाच्या कडेला बसली. बाहेर त्यांचा तोल तर जाणार नाही ना, म्हणून तिचे कान दाराकडेच लागलेले होते. रडू काही आलं नाही. वीस मिनिटं कशीबशी काढून तिने दार उघडलं.

"झालं एवढ्यात?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली आणि त्यांना उठवायला हात पुढे केला.