मामाजींच्या बैठकीतले डेंगळे

माझे सासरे पुंजाजी, म्हणजे आमचे मामाजी, पिकवायचे कांदा आणि गळ्यात तुळशीची माळ. माळ घातल्यापासून कांद्याने घराचा उंबरा ओलांडायचा नाही, असा त्यांचा नेम होता. सासूबाई, म्हणजे दुर्गाबाई, मळ्यातच भाकरीबरोबर कांदा फोडून खात आणि खळखळून चूळ भरून घरी येत. त्याचा सूड त्या मामाजींच्या चहावर उगवत. मामाजींनी कितीही मागितला तरी गूळ चिमटीएवढाच पडायचा.

तो कांदा सासूबाईंच्या माहेरचा, तेल्हाऱ्याकडचा. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, शेतही परक्याचं झालेलं. उरलं होतं ते एवढं बियाणं. कांद्याचं बी फार टिकत नाही, म्हणून दरसाल कांदे लावायचे, त्यांचे डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुलू द्यायचे आणि नवं बी धरायचं. एक साल हुकलं की वाण गेलाच.

महाराष्ट्र झाला त्या सालच्या चैत्रात डेंगळ्यांच्या बोंडांत काळं बी दिसायला लागलं आणि नेमका पाऊस लागला. चैत्रात कसली झड? पण लागली. आम्ही भिजत डेंगळे कापले आणि मळ्यातल्या खोपडीत नेले. तिथे आमच्या यांनी शहाणपणा केला. सगळ्यांचा ढीग घालून वर पोती दाबली. सकाळी सासूबाईंनी ढिगात हात घातला तर आत ऊब धरलेली. ओलं बी दडपलं की कुजतं, हे माळ्याच्या पोराला सांगावं लागावं! मला वाटलं, आता यांची खैर नाही. पण सासूबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसून राहिल्या. जगाला फैलावर घेणारी बाई गप्प बसली, तेव्हा मला खरी भीती वाटली.

खोपडी गळत होती. वारा खेळणारं कोरडं छप्पर एकच होतं, घरातली मामाजींची भजनाची बैठक. तिथे कांद्याचं नाव कोण काढणार? शेवटी मीच घरी येऊन मामाजींना सगळं सांगितलं, आणि जरा तोडूनच सांगितलं. त्यांनी डोक्यावर पोतं घेतलं आणि बैलबंडी जुंपून मळ्यात गेले.

परत आले ते डेंगळे घेऊन. कुजलेले बाजूला काढले, उरलेल्यांच्या जुड्या बांधल्या, बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या ताणल्या आणि आपल्या हाताने जुड्या टांगल्या. खाली स्वतःचं धुतलेलं धोतर पसरलं.

एकादशीला भजनी मंडळी आली तेव्हा घरभर कांद्याचा वास होता. भजन सुरू झालं आणि टाळ वाजतील तसे वरून काळे दाणे टपटप धोतरावर गळायला लागले. शेषराव टाळकऱ्यांनी मान वर केली. म्हणाले, "पुंजाजी, एकादशीच्या दिवशी घरात कांदा?"

मामाजींनी त्यांच्या पागोट्यावरचा एक दाणा अलगद उचलून धोतरावर ठेवला.

"तो कांदा नोय, शेषराव. इचं मायेर हाय. तेवढंच उरलं हाय."

शेषरावांनी पुन्हा टाळ धरले. भजन चालू झालं. सासूबाई माझ्याशेजारी दाराआड उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि नेहमीच्या खेकसणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "उभी काहून राहिली? चहा ठेव. अन् त्यायच्या चहात गूळ मीच टाकतो."

आणि त्यांनी अख्खा खडा टाकला.