काचेच्या छताची गाडी

रामने समोरच्या चहाला तोंड लावलं नाही. कप तसाच बाजूला सारून तो म्हणाला,

“शेठ, गाडीची किंमत कंपनी ठरवती का तुमी?”

बन्सीधर शेठ परभणीतल्या त्या शोरूमचे मालक. असल्या प्रश्नांची त्यांना सवय होती.

“किंमत कंपनीचीच हाय, रामभाऊ. पण काचेच्या छताची गाडी ह्या खेपेला एकच आलीय, अन्‌ मागणारे लय. दीड लाख वरचे द्या, आत्ता चावी घ्या. पुढची कवा येईल ते माझ्याबी हातात न्हाई.”

“पोळ्याला नंबर लावलाय मी. पहिला नंबर माझा हाय.”

“म्हणून तर तुमाला आधी विचारायलोय.”

“ही लूट हाय. छापील किमतीच्या वर एक रुपया देणार न्हाई.”

शेठ चिडले नाहीत. कागदांवरचं वजन उचलून त्यांनी दुसरीकडे ठेवलं.

“झरीला तुमचं खताचं दुकान हाय ना? ऐन पेरणीत युरियाची टंचाई झाली की तुमी छापील भावातच देता का?”

रामचे कान तापले. तो उठला आणि केबिनचं दार लोटून बाहेर आला. बाहेर बाकावर बसवलेल्या मायला घ्यायचं आणि तडक गावाकडे निघायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

बाकावर माय नव्हती. गाडीच्या पूजेसाठी तिने मांडीवर धरून आणलेली नारळाची पिशवी तेवढी तिथे होती.

मनकर्णामायची पाठ कधीची वाकली होती. आधी नुसतं पोक आलं, मग ती कमरेतूनच दुमडत गेली. आता चालताना तिचं तोंड जमिनीकडे असायचं आणि मान काही केल्या वर व्हायची नाही. उताणं निजणं जमत नसे, म्हणून रात्रीही ती गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडायची. घरात कोण आलं, कोण गेलं, हे ती पायांवरून ओळखायची. सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की कुणाला त्यात काही वेगळं वाटत नसे.

मागच्या अंगणातून शोरूममध्ये कामाला असलेल्या सविताने त्याला हात केला. भिंतीच्या सावलीत ती पांढरी गाडी उभी होती आणि तिचं पुढचं दार उघडं होतं.

“आजी बाकावर अवघडल्या होत्या,” सविता हळूच म्हणाली. “म्हटलं गाडीत बसवावं. पाठ टेकंना, म्हणून सीट मागं पाडली अन्‌ पाठीच्या दोन्ही अंगांनी उशा लावल्या. तवापासून काही बोलायल्याच न्हाईत.”

रामने आत डोकावलं. माय रेलून पडली होती. तिचा चेहरा वर होता आणि डोळे उघडे होते. छताच्या काचेतून हिवाळ्याचं निळंभोर आभाळ थेट तिच्या अंगावर आलं होतं.

“माय?”

तिने ओठांवर बोट ठेवलं. मग ते बोट वर नेलं.

“ती घारच हाय ना?”

“हाय.”

“पंख हालवीना की रं. नुसतीच फिरायली.” तिचा आवाज बारीक झाला. “केवढं हाय हे! म्या इसरलेच होते बग.”

घार काचेबाहेर जाईपर्यंत ती तिच्या मागे नजर फिरवत राहिली. मग तिची नजर दारातून वाकलेल्या लेकावर आली आणि तिथेच थांबली.

“राम्या, तुजे केस कवा पांढरे झाले?”

रामचा हात आपोआप डोक्याकडे गेला. तो मागे वळला आणि केबिनकडे चालू लागला.

“कुटं चाललास?”

“पैसे भराया. गाडी घेऊनच जाऊ.”

“भाव जमला?”

“वर दीड लाख मागायलेत. देऊन टाकतो.”

माय हसली. तिला हसताना बघून त्याला चमकल्यासारखं झालं. तिचं हसू तो एरवी नुसतं ऐकत असे.

“कशापायी रं? ह्या पोरीनं उशाच तर लावल्यात. आपल्या घरी बाज न्हाई का?”

सविता खाली बघू लागली. राम जागच्या जागी उभा राहिला. बाज होती. घरच्या अंगणातच, भिंतीला टेकवून उभी केलेली. इतकी वर्षं.

केबिनच्या दारातूनच त्याने शेठला सांगितलं, “माझा नंबर तसाच राहू द्या. येईल तवा येईल.” मायला जुन्या जीपमध्ये बसवून तो झरीला परतला.

ऊन उतरायला लागल्यावर त्याने बाज अंगणाच्या मधोमध ओढली. उशाकडच्या पायांखाली विटा घातल्या. बायको भक्तीने गोधड्यांच्या वळकट्या करून पाठीच्या दोन्ही अंगांना लावल्या. दोघांनी मायला अलगद टेकवलं.

“आजून थोडं मागं,” माय म्हणाली.

त्याने आणखी एक वीट सरकवली. तिची मान गोधडीवर टेकली आणि ती वर बघू लागली. वरून बगळ्यांची लांबच लांब रांग येलदरी धरणाच्या पाण्याकडे निघाली होती. राम तिच्या अंगावरची शाल सारखी करायला वाकला.

“सरक की जरा,” माय म्हणाली. “मदी येऊ नको.”

तो बाजूला झाला. तिच्या उशाशी भुईवरच बसला आणि त्याने मान मागे टाकली. भक्तीने चहा आणला, तो तिच्या हातातच निवला. बगळे दिसेनासे झाले, आभाळाचा रंग हळूहळू बदलत गेला. रामची मान अवघडली, तरी त्याने ती खाली केली नाही.