तीन जळक्या क्लच प्लेटा

बाबांची गाडी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. दोन दारांची, मागे माणूस बसवायचा तर आधी त्याची घडी घालावी लागते. घरात आता आम्ही दोघंच, पण थोरलं अपत्य तीच, आणि बाबा तसं वागवतही. लहानपणी माझ्या तापाला घरातली गोळी पुरे व्हायची. गाडीच्या खोकल्याला मात्र डॉक्टर लागे.

डॉक्टर म्हणजे मेकॅनिक. बॉनेटला कान लावून ऐकतो म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. त्याचा एक नियम होता: गाडी तपासताना मालक आत नको. मालक बोलत राहतो आणि गाडीचं ऐकू येत नाही. त्यामुळे बाबा गॅरेजच्या बाकावर बसत आणि डॉक्टर एकटाच चक्कर मारून येई.

गेल्या वर्षी पहिला गिअर टाकताना खर्र आवाज येऊ लागला. डॉक्टरने क्लचची केबल बदलली, नवी प्लेट घातली आणि पेडलला इंचभर ढील ठेवली. ढील हवीच; नाहीतर पाय उचलला तरी क्लच थोडा दाबलेला राहतो आणि प्लेट घासून जळते.

सात महिन्यांत ती जळली. चढावर इंजिन नुसतं कोकलायचं, गाडी हलायची नाही. डॉक्टरने हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, क्लच सोडला. प्लेट चांगली असती तर इंजिन जागीच गचकलं असतं. ते निवांत गुरगुरत राहिलं. दुसरी प्लेट तीन महिन्यांत गेली, तिसरी पाच आठवड्यांत. तिन्ही त्याने भिंतीवर ओळीने टांगल्या.

दर वेळी केबलचा नट शेवटपर्यंत पिळलेला, म्हणजे ढील पार संपवलेली, सापडे. डॉक्टरचा संशय माझ्यावर. मी म्हटलं, मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, पाना कुठून धरतात तेही मला ठाऊक नाही. तो म्हणाला, म्हणूनच. मी बाबांना बजावलं, आता प्लेट जळली तर गाडी भंगारात.

चौथी प्लेट बसवल्यावर, चोर पकडायचा म्हणून, डॉक्टरने नियम मोडला. आधी स्वतः फेरी मारली. गिअर चुपचाप पडले. मग बाबांना चालवायला बसवलं, आपण शेजारी बसला, मी मागे घडी होऊन.

खर्र.

डॉक्टर गिअरकडे बघतच नव्हता. तो खाली बघत होता. बाबांचा डावा हात गिअरवर होता, आणि उजवा, स्टिअरिंग सोडून, डाव्या गुडघ्यावर. मुठीने ते गुडघा खाली रेटत होते. पेडल अर्ध्यातच अडलं होतं.

डॉक्टरने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "काका, नट तुम्ही पिळायचात?"

"पिळला की अर्ध्या पेडलात भागायचं."

"पायाला काय झालंय?"

"पायाचं राहू दे. गाडीचं बघ."

"गाडी बरी आहे, काका. वर्षभर बरीच होती."

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. माझ्यासकट तिथं सगळे आपापल्या विषयातले जाणकार होते.

बाबा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीस."

घेतलीच असती.

न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी पायावर हातोडी मारून पाहिली. अशक्तपणा किती वेगाने वाढला, असं विचारलं. बाबा म्हणाले, असेल दोनचार आठवड्यांचं. मी म्हटलं, पहिली प्लेट सात महिने, दुसरी तीन, तिसरी पाच आठवडे. बाईंनी पेन थांबवलं. मी नटाची गोष्ट सांगितली: पाय जितका कमी दाबे, तितका नट लवकर पिळला जाई. त्यांनी आकडे एकाखाली एक लिहून घेतले. मग म्हणाल्या, अशक्तपणा वर सरकणार: आता हात, नंतर श्वास. वर्षभर आधी आला असतात तर वेग थोडा कमी करता आला असता. नव्या प्लेटची सोय त्यांच्या खात्यात नव्हती.

गाडी भंगारात गेली नाही. खिडकीखाली उभी असते. दर रविवारी डॉक्टर येतो, इंजिन सुरू करतो, पेडल पार तळाला नेतो आणि पहिला गिअर टाकतो. बाबा वर खुर्चीतून कान देऊन ऐकतात. त्यांचं बोलणं आता मलाच तेवढं कळतं.

"आवाज नाही," ते म्हणतात.

चौथी प्लेट अजून नवीकोरी आहे.