क्लिअरचा तिसरा हात

माधवरावांना आयुष्यात एकच गोष्ट जमली नव्हती, ती म्हणजे चुकणं. निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं रंगाची स्प्रे गन चालवली होती. पत्र्यावर बोट फिरवून रंगाचे किती हात मारलेत ते सांगायचे आणि बरोबर सांगायचे. मग कारखान्यात रंग मारणारं यंत्र आलं आणि पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. "चहा प्यायला जात नाही, एवढाच त्या यंत्राचा गुण," असं म्हणत त्यांनी सही केली, आणि घरी येऊन ताडपत्रीखाली सोळा वर्षं पडलेली पासष्ट सालची लॅम्ब्रेटा बाहेर ओढली.

तीन वर्षं त्या स्कूटरवर गेली. स्वारगेटमागच्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच सगळा कारखाना मांडलेला. रंग आमसुली, कुठल्याही कंपनीच्या पत्रकात नसलेला, त्यांनी स्वतः डब्यात कालवून जमवलेला. इंजिनावरच्या दोन्ही फुगीर पत्र्यांवर जाईची पिवळी वेल, आणि डाव्या पत्र्याच्या खालच्या कोपऱ्यात त्याच पिवळ्या रंगात, तांदळाएवढ्या अक्षरांत नाव, 'दीनानाथ, बुधवार पेठ'.

दीनानाथ हा त्यांचा चाळीस वर्षांचा दोस्त. एके काळी बुधवारातल्या रेडिओच्या दुकानांच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. पुढे संगणकावर कापलेली अक्षरं आली, फ्लेक्स आले, आणि दीनानाथचे ब्रश डब्यात गेले. लॅम्ब्रेटावरची वेल त्याने जूनमध्ये काढली तेव्हा उजवा हात नुकताच कापायला लागला होता. नाव लिहायला त्याला अख्खी दुपार लागली. लिहून झाल्यावर ब्रश पुसून तो म्हणाला, "हे शेवटचं." तेव्हापासून तो उजवा हात खिशात ठेवून हिंडायचा.

त्या रंगावर माधवरावांनी क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक लॅकरचे, हात मारले होते आणि आता ते घासून आरसा करायचा होता. जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला पाच आठवडे उरले होते. उजवा पत्रा आदल्या दिवशी झाला होता. त्यात पाहून माधवरावांनी दाढीसुद्धा केली असती, पण त्यांच्या बायकोने, हेमाताईंनी, आरसा दाखवून त्यांना घरात बोलावलं.

रविवारी सकाळी त्यांनी डावा पत्रा मांडीवर घेतला. डोक्यावर भिंतीवर पाटी होती, 'येथे वाहने धुऊ नयेत. सांगून कळत नाही म्हणून लिहिले आहे.' तीही दीनानाथचीच. माधवराव तिच्याच खाली साबणाच्या पाण्यात दोन हजार नंबरचा पॉलिश कागद बुडवून घासत होते. क्लिअर घासताना पाणी दुधासारखं पांढरं निघतं. पांढरं आहे तोवर निर्धास्त राहायचं. ते गुणगुणत घासत होते आणि मधूनच जिन्यावरून उतरणाऱ्या शेजाऱ्यांना ही कला कशी आहे ते सांगत होते.

बोलता बोलता त्यांनी खाली पाहिलं तर पाण्यात पिवळी छटा होती.

त्यांनी कागद टाकला आणि फडक्याने पत्रा पुसला. खालचा आमसुली रंग शाबूत होता, वेलही शाबूत होती. 'दीनानाथ'मधली शेवटची दोन अक्षरं मात्र गेली होती. वर जाऊन ते हेमाताईंना म्हणाले, "तीन हात मारले होते. इतक्यात तळ लागणं शक्यच नाही. क्लिअरच भेसळीचं असणार."

हेमाताई मेथी निवडत होत्या. "उजवीकडे तीन मारलेत," त्या म्हणाल्या. "डावीकडे दोन. गुरुवार होता, वीज गेली. माझी चटणी मिक्सरमध्ये अर्धवट राहिली आणि तुमचा कॉम्प्रेसर बंद पडला. उरलेला हात उद्या मारतो म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी लग्नाला गेलो."

"मग आठवण नाही का करायची?"

"केली होती. तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस."

माधवराव खुर्चीत बसले. एकतीस वर्षांत त्यांना असं खुर्चीत बसावं लागलं नव्हतं. त्यांचा मुलगा सलिल हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होता. तो लॅपटॉप घेऊनच बाहेर आला. "बाबा, टेन्शन काय घेताय? माझ्याकडे त्या नावाचा क्लोजअप आहे. सेम टू सेम अक्षरं कापून आणतो. वरून क्लिअर मारा, काकांनासुद्धा कळणार नाही."

कळणार नव्हतं, हे खरं होतं. माधवरावांना दोन मिनिटं फार बरं वाटलं. मग त्यांना दीनानाथचा डब्यात गेलेला ब्रश आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

"नको," ते म्हणाले. "ज्या संगणकाने त्याच्या पोटावर पाय दिला, त्याच्याकडून त्याचं नाव लिहून घेऊ होय?"

जुन्या चादरीत पत्रा गुंडाळून ते रिक्षाने नारायण पेठेत गेले. दीनानाथने दार उघडलं, चादर सोडली, चष्मा वर केला आणि डाव्या हाताचं बोट कोपऱ्यावरून फिरवलं.

"घासलंस," तो म्हणाला.

"घासलं. दोनच हात होते, मी तीन धरून चाललो. चूक माझी आहे."

"हे वाक्य लिहून दे, पाटी करून लावतो." दीनानाथ हसला. "उरलेलं नावही काढ."

"अरे, दोनच अक्षरं गेलीत."

"निम्मं तेव्हाच्या हाताचं, निम्मं आताच्या हाताचं, असलं नाव मला नको. सगळं काढ."

आयुष्यभर रंग चढवलेल्या माणसाने मित्राचं नाव स्वतःच्या हाताने घासून काढलं. ते काम फार तर पाच मिनिटांचं होतं, पण त्यांना ते अतिशय जड गेलं. मग दीनानाथने डबा उघडला, खारीच्या केसांचा ब्रश काढला आणि उजवा हात खिशातून बाहेर घेतला. हात थरथरत होता. पहिलं नाव त्याने टर्पेंटाइनने पुसलं. दुसरंही पुसलं, तिसरंही. चौथ्या वेळी अक्षरं तशीच वाकडी आली, 'थ' तर ओळ सोडून खाली उतरला. माधवरावांनी फडकं पुढे केलं.

"राहू दे," दीनानाथ म्हणाला. "माझा हात आता असाच आहे."

नाव आठ दिवस वाळलं. त्यावर माधवरावांनी क्लिअरचे तीन हात मारले, वीज असलेल्या दिवशी, आणि हेमाताईंना शेजारी उभं करून मोठ्याने मोजायला लावून. मग कागद घेतला. या वेळी गुणगुणणं नाही, शेजाऱ्यांना व्याख्यान नाही. मात्र हात तोच होता, एकतीस वर्षांचा, आणि कुठे थांबायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पाणी शेवटपर्यंत पांढरं राहिलं. पॉलिशचं कंपाउंड लावून लोकरीची चकती फिरवल्यावर ती वाकडी अक्षरं काचेखाली ठेवल्यासारखी वर आली. माधवरावांना मनापासून वाटलं की असं काम पुण्यात दुसऱ्या कोणाला जमणार नाही, आणि ते त्यांनी हेमाताईंना लगेच सांगितलंही.

मेळाव्यात परीक्षक म्हणून एक तरुण आला होता. त्याने हातातल्या वहीत भराभर खुणा केल्या, पत्र्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि मान डोलावली. मग तो डाव्या बाजूला वाकला.

"काका, फिनिश एक नंबर. फक्त हे नाव वाकडं आलंय. क्लिअरच्या आधी पुसून परत लिहायचं ना. मार्क उगाच जातील."

"जाऊ द्या," माधवराव म्हणाले. "तीनदा पुसलं होतं. चौथ्यांदा लिहिणाऱ्याने पुसू दिलं नाही."

"कोणी लिहिलंय?"

माधवराव उत्तर देणार होते, पण त्याआधीच मागे उभ्या असलेल्या दीनानाथने उजवा हात खिशातून काढला आणि वर्गात हजेरी द्यावी तसा वर केला.

"मी," तो म्हणाला. हात सगळ्यांसमोर थरथरत होता, आणि परीक्षकाने वहीत नाव लिहून घेईपर्यंत त्याने तो खाली घेतला नाही.