गिझरला बोलणी

म्बुयिसेलीतातांनी चाळीस वर्षं वायरमनकी केली. दक्षिण आफ्रिकेतल्या म्दान्त्साने वस्तीतल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची. आता घर विकून लेकीकडे राहायला जायचं ठरलं, तर वकील म्हणाला, शुक्रवारपर्यंत विजेचा दाखला आणा, नाहीतर गिऱ्हाईक दुसरं घर बघेल.

"माझ्या घराला दाखला? अरे, मीच दाखला!" ताता खो खो हसले. पण निवृत्तीबरोबर सहीचा अधिकार गेला होता. म्हणून आता तो अधिकार असलेल्या झुकिस्वाला बोलावलं. ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

तातांच्या बायकोनं, माभेलेनं, अमाग्विन्या, म्हणजे पिठाचे गरम गोळे, तळून दिले. ते खाऊन झुकिस्वानं बोर्ड तपासला, प्लग तपासले आणि गिझरपाशी येऊन थबकली. आली का पंचाईत! ज्यानं हातात पक्कड दिली, त्या वडीलधाऱ्याला तोंडावर 'चुकलात' म्हणायचं? आपल्यात असं बोलणाऱ्या पोरीला आई घरात घेणार नाही. मग तिनं लेकी बोले सुने लागे केलं.

"काय रे गिझरा, अर्थिंगची वायर सुटलेली, कॉईल जळलेली. लाज नाही वाटत?"

ताता वरमले, पण हार मानतील तर ते ताता कसले! "गिझरा, सांग हिला, नवी कॉईल सोमवारी येईल. मी स्वतः बसवतो. आज सही करून टाक म्हणावं."

"गिझरा, एक वायर सुटी असली तरी सही करायची नाही, हे मला कुणी शिकवलं रे?"

तेवढ्यात माभेले स्वयंपाकघरातून बाहेर आली. "म्हणजे नळ चावतो तो ह्यामुळे? तीन वर्षं ओरडतेय मी! हे आपले म्हणतात, वय झालं, मुंग्या येणारच."

तीन वर्षांपूर्वी फुटबॉलची मॅच चुकू नये म्हणून तातांनीच हा गिझर घाईघाईत बसवला होता. एखाद्या दिवशी ही नळाला चिकटली असती तर?

झुकिस्वा कागद घेऊन मान खाली घालून बसली होती. पेन काही उचलेना.

"पोरी," ताता तिलाच म्हणाले, "तुझ्या तोंडून नाही निघायचं. मी सांगतो, लिही. नापास. कारण, कारागिराचा हलगर्जीपणा. आणि त्याचं नाव घाल, पूर्ण."

"ताता, शुक्रवार?"

"गिऱ्हाईक जाईना का! आधी गिझर बंद कर."

झुकिस्वानं डोळे पुसत लिहिलं.

"एक प्रत मला दे गं," माभेले म्हणाली. "बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ह्यांची चूक लेखी मिळतेय."