त्रेचाळीस सेंटिमीटर

शीड चढवायची दोरी पाच आठवड्यांत त्रेचाळीस सेंटिमीटरने आखूड झाली होती. सुरुवातीला ती बारा मीटर चाळीस भरली होती. आज अकरा मीटर सत्त्याण्णव. दोरी तीच, मोजपट्टी तीच आणि मोजणारीही तीच.

मोजणारी वजनमापांच्या प्रयोगशाळेत तपासनीस होती. दुकानांतले तराजू आणि पेट्रोल पंपांची मापे तिच्या टेबलावरून खरी-खोटी ठरून जात. आपलीच मोजणी चुकली असेल, ही शंका तिने सर्वांत आधी घेतली आणि धक्क्यावर उकिडवे बसून तीनदा मोजल्यावर सोडून दिली.

होडी वडिलांची. सव्वाचार मीटर लांब, एक डोलकाठी, एक शीड, दोन माणसांपुरती. वडिलांनी चाळीस वर्षे लोकांच्या होड्यांची शिडे शिवली आणि काम सोडल्यावर स्वतःसाठी एक शिवले. पुढे सहा वर्षे बापलेक दर रविवारी पाण्यावर जात. ती मागे सुकाणू धरून, ते पुढे डोलकाठीच्या बुडाशी, दोरी सांभाळत. आठ महिन्यांपूर्वी ते जिन्यात पडले आणि खुब्याचे हाड मोडले. हाड जुळले. डॉक्टरांनी काठी दिली, चालायची परवानगी दिली आणि होडीबद्दल विचारल्यावर “बघू” म्हटले. त्या ‘बघू’चा अर्थ घरात ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला होता.

तिने लावलेला अर्थ असा, की होडी यापुढे एकटीने चालवायची. पुढची जागा रिकामी राहिली की होडीचे नाक वर उचलले जाई, म्हणून तिने तिथे वाळूची पोती ठेवली. वजनाचा हिशेब बरोबर आला. तरीही वारा फिरला की तिच्या तोंडून सवयीने “बाबा, जरा सैल” असे निघून जाई आणि पोते जागचे हलत नसे.

मग तिने एकेक सुधारणा सुरू केली. डोलकाठीच्या बुडाशी कप्पी बसवून शीड चढवायची दोरी मागच्या बाकापर्यंत आणली आणि ती अडकवायला आपल्या डाव्या गुडघ्याजवळ खुंटी ठोकली. शिडाचा आडवा दांडा डोक्यावर आपटू नये म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली. पूर्वी वडील जिथे गाठ मारत, तिथे एका हाताने लागणारा आकडा आला. प्रत्येक सुधारणेची बातमी जेवताना दिली जाई.

“बाबा, आता शीड चढवायला पुढे जावंच लागत नाही. बसल्या जागी काम होतं.”

“वा. डोलकाठीला विचारलंस का, तिला करमतंय का?”

“डोलकाठीला छान करमतंय,” आई म्हणाली. “करमत नाही ते कुणाला, ते मला ठाऊक आहे. भात घ्या.”

घरचा एक नियम वडिलांनी घातलेला होता. रविवारी परतताना दोरी काढून घरी आणायची, मीठ निघेपर्यंत गोड्या पाण्यात बुडवायची आणि आठवडाभर गॅलरीत वाळवायची. डोलकाठीत तोवर तिच्या जागी बारीक सुतळी ओवलेली राही. इतर होडीवाले या सोवळ्याला हसत. दोरी नवी होती, टोके वडिलांनीच मेणदोऱ्याने बांधून दिली होती आणि दर रविवारी ती थोडी कमी भरत होती.

नवी दोरी भिजली की आखडते, हे पहिले अनुमान. तिने त्याच दोरीच्या गुंडाळीतला उरलेला एक मीटरचा तुकडा त्याच बादलीत भिजवला, त्याच उन्हात वाळवला. तो महिनाभर एक मीटरच राहिला. खुंटीवर घासून झिजावी, तर एकही धागा सुटलेला नव्हता. चोरीचा विचार तिने केला. पण आठवड्याला चार बोटे दोरी नेणारा चोर फारच समाधानी म्हणायला हवा. शेवटी गेल्या रविवारी तिने दोरीवर मीटरामीटरावर शाईच्या खुणा केल्या.

आज दोरी खुंटीपर्यंत पोहोचलीच नाही. अर्धा हात कमी पडली. खुणांमधले अंतर मात्र तंतोतंत एक मीटर होते. फक्त शेवटची, बारा मीटरची खूण टोकासकट नाहीशी झाली होती. आणि टोकावर मेणदोऱ्याचे वेढे एकास एक लागून, शेवटचा टाका आत लपवलेला. असे टोक बांधणारी तिच्या ओळखीतली माणसे मोजायला एक बोट पुरे होते.

ती शीड न चढवताच घरी आली. वडील गॅलरीत खुर्चीवर होते, आई इस्त्री करत होती.

“इतक्यात? वारा नव्हता?” वडिलांनी विचारले.

“वारा होता. दोरी पुरली नाही.”

“ओली दोरी आखडते,” ते कुंडीकडे बघत म्हणाले.

“आखडली असती तर खुणा जवळ आल्या असत्या. उरलेल्या जागच्या जागी आहेत. टोक गेलंय.”

“टोक उसवलं होतं. नवं बांधायचं तर ताजं कापावं लागतं.”

“पाच आठवड्यांत पाच वेळा? तुम्ही बांधलेलं टोक?”

वडील कुंडीतली सुकलेली पाने खुडू लागले.

“बरं. धक्क्यावर सांगते मग, बाबांची टोकं हल्ली आठवडाभरही टिकत नाहीत.”

“माझं टोक उसवत नाही,” वडील म्हणाले.

आईने इस्त्री उभी केली. “मला विचारलं असतंस तर पहिल्याच सोमवारी सांगितलं असतं. कात्री माझी आहे. पण तुला मोजायचं होतं.”

“कशासाठी, बाबा?”

त्यांनी काठी गॅलरीच्या कठड्याला टेकवली. “दोरी तोकडी पडली की खुंटी पुढे सरकवावी लागते. आणखी तोकडी पडली, आणखी पुढे. कधीतरी डोलकाठीपाशी जाते. मागून हात पोचत नाही मग.”

ती उंबऱ्यावर टेकली. इतके महिने आपण त्या पोत्याकडे का बघत आलो, हे तिला वजनाच्या हिशेबातून कधीच मिळाले नव्हते.

“मला सांगता आलं असतं,” ती म्हणाली.

“तू इतकं छान जमवत होतीस. त्यात काय सांगायचं?”

“उद्या डॉक्टरांकडे जाऊ.”

“बघू म्हणतील.”

“म्हणू दे. धक्क्यावर घेऊन जाते त्यांना, बघायला.”

दोरी आखडली नव्हती, झिजलीही नव्हती. एका माणसाची झालेली होडी पुन्हा दोघांची व्हावी, म्हणून वडील दर सोमवारी ती चार बोटे कापत होते. आणि उघडे टोक तसेच टाकणे त्यांच्याने होत नसल्यामुळे दर वेळी ते नीट बांधून ठेवत होते.