देवीले सुट्टी नाई

माह्या नवऱ्यानं दारू सोडली अन् मले धरलं. हसू नका. हसणाऱ्याच्या घरी असा भक्त निघो, मंग कळन.

फुलसिंग त्याचं नाव. आर्णीच्या अल्याड आमचा तांडा. लग्न झाल्यापासून त्याले मी शुद्धीत कमीच पाह्यलं. पोरीच्या लग्नात त्यानं भर मांडवात व्याह्याच्या अंगावर ओकारी केली. तेव्हापासून व्याह्यानं सांगून ठेवलं, हा माणूस बाभुळगावले माह्या दारात दिसला तर तंगडी तोडीन. तरी तो सुधरला नाई. मंग कावीळ झाली, डॉक्टर म्हणे आता प्याला तर मरशीन. मरणाले भिऊन तो आर्णीच्या बैठकीले जाऊ लागला. दर रविवारी दारू सोडणारे लोकं तठी गोल बसतात अन् आपापली गोठ सांगतात.

तठचे सर म्हणे, "आपल्या एकट्याच्यानं दारू सुटत नाई हे कबूल करा. आपल्याहून मोठी एखादी शक्ती माना, ज्याले जी पटते ती, अन् तिच्या हवाली व्हा."

झालं! फुलसिंग पेचात पडला. आमच्या तांड्याच्या देवीले बोकड लागते अन् दारू लागते. तिच्या पायावर धार सोडायची, उरली ते प्रसाद म्हणून प्यायची. "जिचा प्रसाद पिऊन मी बिघडलो, तिले दारू सोडव कसं म्हणू?" असं म्हणे. मी म्हटलं, आमच्या संत सेवाभायाचं नाव घे, तो तर पिऊ नका म्हणूनच सांगून गेला. तर म्हणे, "त्याची शपथ घेऊ घेऊ मोडली. आता त्याच्याकडं पाहाची लाज वाटते."

"मंग दगड मान!" मी चिडून म्हटलं.

त्यानं मले मानलं.

सकाळी मी चुलीपाशी बसली, तर हा माह्या पायावर डोकं ठेवून. "याडी, आजचा दिवस निभाव." याडी! आमच्या बोलीत याडी म्हणजे माय. नवरा बायकोले याडी म्हणते, बाप्पा! मी फुंकणी फेकून मारली, त्यानं ती कपाळाले लावली. त्या दिवसापासून त्याची खाट अंगणात. देवीसोबत कोण झोपते? मी वावरात गेली तर मागं मागं, मी आजारी पडली तर रडे, मी शिवी देल्ली तर हात जोडे. शिवीलेही चव राह्यली नाई. मारत होता तोवर मी निदान बाई तरी होती. पण प्याला नाई, हे खरं हाय. बैठकीत त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या. माह्यासाठी कोण वाजवते?

प्रियंका आमची एकुलती एक, बाभुळगावले देल्ली. पहिलं बाळंतपण माहेरी होते, पण व्याही म्हणे, त्या दारुड्याच्या घरी सून धाडत नाई. तिले सासू नाई, घरात बाप-लेक दोघंच. पोरीचा फोन आला, "याडी, डॉक्टर म्हणे आता कधीही होईन. मले लय भेव लागते. तू ये." मी थैली भरली. जुनी लुगडी, डिंक, खोबरं.

फुलसिंग उंबऱ्यात आडवा पडला. "तू गेली तर मी पितोच. मेलो तर तुह्या डोक्यावर."

"पोरीचं बाळंतपण हाय, मेल्या!"

"तू माही शक्ती हायस. शक्ती गावाले जाते का?"

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, याले आज बुडवतेच. प्याला की हा घरात आडवा, अन् मी बसमधी. मरन तर मरो. असंच म्हटलं मी मनात, अन् आजही म्हणते.

"देवी हाय न मी?" मी वरडली. "मंग निवद आण! बोकड राहू दे, बाटली आण. माह्या पायावर धार सोड, अन् उरला प्रसाद माह्यासमोर पी. देवीच्या प्रसादाले नाई म्हणता येत नाई!"

तो पांढराफटक पडला. पण गेला. बाटली घेऊन आला, अन् मागं अर्धा तांडा. तांड्याचा नायक आला, शेजारची जमनी आली, तिचा नवरा नेमसिंग झोकांड्या खात आला.

फुलसिंग गुडघ्यावर बसला. झाकण उघडलं तसा वास सुटला. त्याच्या तोंडाले सुटलेलं पाणी हनुवटीवरून गळून राह्यलं होतं. माह्या पायावर थंडगार धार पडली. अर्धी बाटली उरली.

"पी," मी म्हटलं. "पी न!"

त्यानं बाटली तोंडापाशी नेली. मी थैली उचलली.

अन् त्यानं ती पुरीच्या पुरी माह्या पायावर उलटी केली. ओल्या मातीचा टिळा लावला अन् ढसाढसा रडला. "याडीनं माही परीक्षा घेतली! तारलं मले!"

करायले गेली गणपती अन् झालं माकड. जमनीनं नेमसिंगची कॉलर धरून त्याले माह्या पायावर आपटलं. "भुरी, याचीही सोडव वं माय." नायकानं माह्या हातातली थैली काढून घेतली. "तांड्याची दारू सुटून राह्यली, आता तुले कुठं जाता येत नाई," म्हणे. मी शिव्या देल्ल्या, जमनीच्या हाताले कडकडून चावली. बाया म्हणे, "अंगात आली," अन् दारात फतकल मारून बसल्या. पोरं मोबाइलवर माहा व्हिडिओ काढून राह्यले होते. बस गेली.

पोरगी फोन करत राह्यली. "निघाली का? कळा सुरू झाल्या. निघाली का?" मी म्हणो, येते, येते. मंग फोन यायचाच बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आवाज पार खोल गेलता. "पोरगी झाली. लय त्रास झाला, याडी, हात धराले कोणी नव्हतं. तुहा व्हिडिओ पाह्यला मोबाइलवर. चांगली दिसतेस. माह्या पोरीले सांगीन, तुही नानी देवी हाय, ते कोणाच्या घरी येत नाई."

अन् फोन ठेवला. फुलसिंग बाजूलेच उभा होता. तो धावत जाऊन गूळ घेऊन आला, अंगणात बसलेल्या साऱ्याईले वाटला, अन् माह्यासमोर वाकला. "याडी, तुह्या कृपेनं नात झाली."

मी सारा जोर लावून त्याच्या तोंडावर लाथ हाणली. ओठ फुटला, रक्त आलं.

मंग नेमसिंग डोकं पुढं करून सरकला. "याडी, मलेही," म्हणे. त्याच्या मागं जमनीनं रांग लावली.